टेबलाखालची डावी

अहो, इकडे. खाली. टेबलाच्या खाली बघा. मान आणखी थोडी वाकवा... हां, आता दिसले? मी डावी सँडल. काळी, पुढून बंद, मागून मोकळी, दोन बोटे टाच. बोलतेय ती मीच. शेजारी ताठ उभी आहे ती उजवी, माझी जुळी बहीण. ती बोलणार नाही. तिच्या मते सँडलने बोलू नये. तिच्या मते सँडलने आणखीही खूप काही करू नये, आणि त्यातले बहुतेक सगळे मी केलेले आहे.

आमच्या बाईंबद्दल पुष्कळ लिहून आले आहे. त्या परराष्ट्र खात्यात मोठ्या अधिकारी होत्या आणि लेखिका म्हणूनही त्यांचे मोठे नाव झाले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण या दोन्ही गोष्टी एका बाईला एकाच वेळी कशा जमल्या, ते फक्त टेबलाखालच्या मंडळींना ठाऊक आहे. म्हणून म्हटले, लाज सोडावी आणि सांगून टाकावे.

सुरुवात जन्मापासून करते. बाईंची पहिली परदेशी नेमणूक झाली होती आणि पायात घालायला धड काही नव्हते. त्या घाईघाईने एका अरुंद गल्लीतल्या बूटवाल्यांच्या दुकानात शिरल्या. बूटवाल्यांनी त्यांचा उजवा पाय पाटावर घेतला, माप टिपले, आणि फीत गुंडाळता गुंडाळता सहज म्हणाले, “आज जरा लवकर बंद करणार आहे. सासूबाई यायच्यात राहायला.”

“मग?” बाई म्हणाल्या.

बस्स! बाईंचा हा ‘मग?’ ज्याने ऐकला तो गेला कामातून. बूटवाले खालीच बसले. “त्या येताना स्वतःची खुर्ची घेऊन येतात हो. आमच्या खुर्च्यांवर त्यांचा विश्वास नाही.”

“मग?”

“मागच्या खेपेला खुर्ची इथंच विसरून गेल्या. तेव्हापासून ती कुणी हलवत नाही. आमचं मांजर दिसेल तिथं लोळतं, पण त्या खुर्चीला लांबून वळसा घालतं.”

बाई हसून हसून पाटावरून पडायच्या बेतात आल्या. बूटवाल्यांना एवढे छान ऐकणारे गिऱ्हाईक जन्मात मिळाले नव्हते. ते सासूबाईंच्या छत्रीवर आले, छत्रीवरून त्यांच्या घोरण्यावर आले, आणि या सगळ्या नादात डाव्या पायाचे माप घ्यायचे राहूनच गेले. बाईंचा डावा पाय उजव्यापेक्षा किंचित लहान आहे, हे त्यांनाही माहीत नव्हते. मी उजवीच्या मापाने शिवली गेले आणि जन्मभर सैल राहिले. गोष्टीच्या नादात झालेली चूक आहे मी. मला त्याचा फार अभिमान आहे.

आम्ही चालू लागलो की उजवीचा आवाज यायचा ‘टक’ आणि माझा यायचा ‘फट्’. टक-फट्, टक-फट्. कचेरीच्या लांबलचक व्हरांड्यात हा आवाज आला की शिपाई वर न बघता दार उघडायचा. उजवीला मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे. “जरा घट्ट धर ना स्वतःला,” ती कुजबुजायची. काय धरणार? टाचेपाशी माझ्यात एक बोट आरामात जायचे.

पण खरी गंमत घरी. बाई लिहायला बसल्या की आधी पेन चावायच्या, मग खिडकीबाहेर बघायच्या, मग उगाच ड्रॉवर उघडून बंद करायच्या. वाक्य काही यायचे नाही. मग हळूच त्यांची डावी टाच वर उचलली जायची, मी लोंबकळायचे आणि पडायचे फट्कन खाली. उघडी बोटे गार फरशीला टेकायची. टेकली रे टेकली की वाक्य यायचे! आणि एक आले की त्याच्या मागून दहा यायची, सगळी एकमेकांना ढकलत. उजवी मात्र पायातच असायची. उजव्या पायाने बाई अधिकारीच राहायच्या, डाव्याने लेखिका व्हायच्या. एका देहात दोन बाया, आणि त्यांच्यामधले दार म्हणजे मी. आता सांगा, मी माझी मान ताठ का ठेवू नये? मला मान नाही, हा भाग वेगळा.

“अगं, एक पाय उघडा टाकून बसतेस, सर्दी होईल,” आत्या ओरडायची.

ही बाईंची सख्खी आत्या. पहिल्या नेमणुकीच्या वेळी घर लावून द्यायला म्हणून आठ दिवसांसाठी आली, आणि मग प्रत्येक देशात तिचे ते आठ दिवस चालूच राहिले. नव्या घरात गेले की ती आधी नळ तपासायची, मग शेजारीण तपासायची, आणि दोघांना पाणी किती आहे ते बाईंना सांगायची. तिला एकच खोड होती. मेजवानीला गेली की येताना तिथला एक चमचा पर्समधून घरी यायचा.

“चोरी नाही गं ती, आठवण आहे,” असे म्हणून ती तो बिस्किटांच्या डब्यात टाकायची.

मेजवान्यांचे म्हणाल तर त्या वरून बघायच्याच नसतात. वरती सगळे सारखेच हसतात. खाली बघावे. ज्याला निघायचे आहे त्याच्या बुटांची टोके कधीची दाराकडे वळलेली असतात, तोंडाने तो भले हवामानावर बोलत असो. ज्याला खरोखर मैत्री हवी आहे तो दोन्ही पाय तुमच्याकडे करून उभा राहतो. आणि जो थापा मारतो तो टाचेवर झुलतो. बाईंना हे कुणी शिकवले नव्हते, पण त्या बोलता बोलता नजर खाली टाकायच्या आणि सगळे ओळखायच्या. लोक म्हणायचे, किती विनयशील बाई आहेत, सारख्या खाली बघतात!

असे सगळे मजेत चालले होते. आणि मग बाईंनी ती चमच्यांची गोष्ट लिहिली.

गोष्टीत एक भारदस्त राजदूत असतो, तो जिथे जेवतो तिथला चमचा खिशात घालतो. शेवटी एका भाषणाच्या वेळी टाळ्या वाजवायला हात वर करतो आणि खिशातून खळखळाट होतो. एवढेच. वाचक पोट धरून हसले. पण आठवड्याभरात तीन खरेखुरे राजदूत खात्याकडे तक्रार घेऊन आले. तिघांचे म्हणणे एकच, हा मीच आहे. बिचाऱ्या बाई! त्यांना कुणाला सांगता येईना की तो तुमच्यापैकी कुणीच नाही, ती माझी आत्या आहे. आत्याला कळले असते तर तिने घर डोक्यावर घेतले असते.

मोठ्या साहेबांनी, म्हणजे बाईंच्या वरिष्ठांनी, त्यांना बोलावून घेतले. साहेबांचे बूट इतके चकचकीत की त्यांत मला माझेच तोंड दिसत होते.

“ही टिंगल थांबायला हवी,” साहेब म्हणाले.

“टिंगल नाही साहेब, गोष्ट आहे.”

“तिघांना त्यात आपला चेहरा दिसला.”

“तिघांना दिसला म्हणजे तो एकाचाही नाही.”

“मला शब्दांत अडकवू नका! हेच, हेच ते! लोक तुमच्याशी मोकळेपणानं बोलायला घाबरतात. उद्या आपण छापून येऊ म्हणतात.” साहेबांनी एक सुस्कारा सोडला. माणूस वाईट नव्हता, पायाची टोके बाईंकडेच होती. “ऐका. पुलाची बोलणी तुमच्याकडे देतो. करार झाला तर हवं ते लिहा, मी स्वतः विकत आणून वाचीन. फिसकटला, तर मग दोन्हीतलं एक सोडायचं. लिहिणं सोडा, नाहीतर नोकरी.”

त्या दिवशी बाई घरी आल्या, पलंगाच्या कडेला बसल्या, आम्हा दोघींना काढून मांडीवर घेतले आणि रडल्या. खोटे नाही सांगत, मी स्वतः भिजले.

आत्या दारात उभी. “काय सोडणार मग तू?”

“तू सांग, आत्या. तुला एक पाय सोडायला सांगितला तर कुठला सोडशील?”

आत्याने खरेच विचार केला. “डावा. गुडघा दुखतो मेला.” मग जरा थांबून म्हणाली, “पण पडेन ना गं.”

बाई रडता रडता हसल्या. पण मला त्या रात्री कपाटात चैन पडेना. सोडायचे झाले तर कुठला पाय जाणार, हे कुणी सांगायला नको होते. नोकरी घर चालवत होती. जाणार होते मीच.

आता हा पूल काय प्रकरण होते ते सांगते. आमच्या आणि शेजारच्या देशाच्या मधून एक नदी वाहायची. तिच्यावरचा जुना पूल कुठल्याशा भांडणात बंद झालेला. अलीकडच्या बहिणी पलीकडे दिलेल्या, पलीकडचे जावई अलीकडचे. समोर दिसणाऱ्या माणसाला भेटायचे तर सगळ्या डोंगराला वळसा घालून जा! पूल उघडावा हे दोन्ही बाजूंना मान्य होते. गेट कुठे, पहारा किती, गाड्या कुठल्या, सगळे ठरले होते. घोडे अडले होते मधल्या खांबापाशी. पूल बांधणाऱ्याने खांब विषम का ठेवले देव जाणे, पण एक खांब बरोब्बर मध्ये आला होता, आणि दोघेही म्हणत होते, तो आमचा.

बोलणी ज्या खोलीत चालायची तिथले टेबलही एक नव्हते. यजमानांचे एक आणि पाहुण्यांनी स्वतःचे आणलेले एक, अशी दोन टेबले कडेला कड लावून ठेवलेली. वर एकच हिरवे कापड, जमिनीपर्यंत लोंबणारे. वरून बघणाऱ्याला एकच टेबल दिसायचे. खाली आम्हाला मधली फट स्पष्ट दिसायची.

पलीकडच्या शिष्टमंडळाचे प्रमुख म्हणजे एक धिप्पाड, पांढऱ्या मिशांचे साहेब. बाईंनी त्यांचे नाव ठेवले ‘भिंत’. दोन वर्षे बाई त्यांच्यासमोर बसल्या, पण त्यांची भुवई हलली नाही की मिशी हलली नाही. बाईंनी बोलायचे, दुभाष्याने ते त्यांच्या भाषेत सांगायचे, भिंतीने दोन शब्द म्हणायचे, दुभाष्याने ते परत आणायचे. आणि त्यांची एक विचित्र सवय होती. बैठक संपली, कागद आवरले, तरी ते जागचे उठायचे नाहीत. छताकडे बघत बसायचे. आमच्या कचेरीत त्यावर मोठमोठी टिपणे लिहिली गेली. कुणी म्हणे हा दबाव आहे, कुणी म्हणे हा इशारा आहे.

उठण्याचीही तिथे रीत होती. दोन्ही प्रमुखांनी एकाच क्षणी उठायचे. जो आधी उठला तो बोलणी सोडून गेला असा अर्थ व्हायचा, जो मागे राहिला त्याने समोरच्याचा अपमान केला असा अर्थ व्हायचा. म्हणून दुभाष्या मध्ये उभा राहून हलकेच खोकायचा. तो खोकला की दोघांनी उठायचे. त्या खोकल्यासाठी तो बिचारा सर्दीच्या दिवसांत जीव मुठीत धरून उभा असायचा.

शेवटचा दिवस उजाडला. पुढची तारीख नव्हती. दाराबाहेर फोटोवाले जमलेले, मागच्या रांगेत मोठे साहेब स्वतः येऊन बसलेले. दुपारपर्यंत घासाघीस झाली. मधला खांब जिथल्या तिथे. अखेर भिंत बोलणी निष्फळ झाल्याचे निवेदन वाचू लागली.

बाईंनी ऐकून घेतले. ऐकता ऐकता त्यांचे डोळे लागले भिंतीच्या मिशांकडे. एक टोक दुसऱ्यापेक्षा जरा आखूड कापले गेले होते. आणि माझ्या ओळखीचे ते सगळे सुरू झाले. डावी टाच वर उचलली गेली.

“नको!” उजवी चक्क ओरडली. “आज नको! आज तरी घट्ट धर!”

मी काय करणार? मी लोंबकळले, पडले. त्याच वेळी बाईंनी पायावर पाय टाकला, तो मला लागला आणि मी गुळगुळीत फरशीवरून जी सुटले ती थेट दोन टेबलांच्या फटीखालून पार पलीकडे. परदेशात! विनापरवाना!

थांबले ती दोन मोठ्या पायांच्या मध्ये. आणि बघते तर काय? ते पाय उघडे! म्हणजे मोजे होते, पण एका मोज्यातून अंगठा बाहेर डोकावून हवा खात होता. बाजूला दोन म्हातारे तपकिरी बूट पडलेले, एक उभा, एक कुशीवर.

“या,” कुशीवरचा बूट म्हणाला. “तुम्हालाही काढून टाकलं का?”

“तुमचे साहेब... बूट काढून बसतात?”

“पायाला कुरूप आहे हो त्यांच्या. बसले की आधी आम्हाला लाथाडतात. उठायच्या वेळी पायानं शोधत बसतात. वाकून बघायची सोय नाही ना, म्हणून आपले छताकडे बघतात.”

मला इतके हसू आले की माझा टाका उसवायची वेळ आली. दोन वर्षांची टिपणे! दबाव म्हणे, इशारा म्हणे!

पण वर दुभाष्याने श्वास आत घेतला. निवेदन संपले होते, आता तो खोकणार होता. बाईंचा डावा पाय मला शोधत होता, इकडे, तिकडे, खुर्चीच्या मागे. मी कुठे सापडणार! बाई उठल्या नाहीत तर अपमान. अनवाणी, लंगडत, फोटोवाल्यांसमोरून गेल्या तर देशभर हसे. आणि दोन्हीकडून एकच, करार नाही, लिहिणे नाही. उजवी एकटी त्यांच्या पायात थरथरत होती.

“एक मुद्दा राहिला,” बाई म्हणाल्या.

दुभाष्याने खोकला गिळला. त्याचे डोळे पांढरे झाले.

“कुठला मुद्दा?” मागून मोठ्या साहेबांची कुजबूज.

बाईंनाही ते माहीत नव्हते. पण उघडी बोटे फरशीला टेकलेली होती. आणि बोटे टेकली की काय होते, ते मी तुम्हाला मघाशीच सांगितले आहे.

“मधल्या खांबावर,” बाई म्हणाल्या, “पूर्वी एक न्हावी बसायचा.”

दुभाष्याने गंभीरपणे ते पलीकडच्या भाषेत सांगितले.

“त्याची खुर्ची बरोबर मध्यावर. गिऱ्हाइकाचा एक पाय इकडच्या देशात, एक तिकडच्या. एके दिवशी एक गिऱ्हाईक बसलं. न्हाव्यानं एक गाल साफ केला आणि तेवढ्यात पूल बंद करायचा हुकूम आला. पहारेकऱ्यांनी न्हाव्याला ओढलं तिकडे, गिऱ्हाइकाला ओढलं इकडे. अर्धी दाढी तशीच!”

पलीकडचे लोक एकमेकांकडे बघू लागले. बाईंचा पाय अजून मला शोधत होता, आणि जीभ थांबत नव्हती.

“तो घरी गेला. बायकोनं एका बाजूनं बघितलं तर म्हणाली, या, हात धुवा. दुसऱ्या बाजूनं बघितलं तर म्हणाली, कोण हो तुम्ही, असे घरात काय शिरता? तो दुसऱ्या न्हाव्याकडे गेला. तो म्हणाला, दुसऱ्यानं अर्धं सोडलेलं काम मी हातात घेत नाही. सगळ्या गावातल्या न्हाव्यांनी तेच सांगितलं...”

इथे बाईंना दम लागला. आणि समोरून एक जाड, खर्जातला आवाज आला.

“मग?”

भिंत बोलली होती! आणि दुभाष्याशिवाय! आमच्या भाषेत! दोन वर्षे त्यांना आमचे सगळे कळत होते. दुभाष्या मटकन खाली बसला, तिथे खुर्ची नव्हती तरी.

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. ‘मग’च्या पुढे काय, ते अजून आलेले नव्हते. भिंत पुढे झुकली. झुकता झुकता सवयीने त्यांचा पाय बूट शोधू लागला आणि तो उघडा अंगठा शिरला थेट माझ्यात. शिरला आणि थांबला. त्याने मला आतून चाचपले. नंतर टाच चाचपली.

मी वर पाहू शकत नव्हते, पण बाईंनी पुढे आत्याला सगळे सांगितले ते मी ऐकले. म्हणे, आधी मिशीचे आखूड टोक हललं, मग लांब टोक हललं, मग डोळे बारीक झाले. आणि बाई कानापर्यंत लाल झाल्या.

अंगठ्याने मला हळूच ढकलले. सरकत सरकत मी दोन टेबलांच्या फटीखाली आले, आणि तिथे तो अंगठा थांबला.

“मॅडम,” भिंत म्हणाली, “मधल्या खांबापाशी तुमची एक वस्तू राहिली आहे. तिथपर्यंत मी आणून दिली. पुढे माझी हद्द नाही.”

बाईंचा पाय पुढे आला. त्यांची बोटे मला लागली. एका बाजूला बाईंचा पाय, दुसऱ्या बाजूला भिंतीचा अंगठा, आणि मध्ये मी, दोन देशांच्या बरोब्बर मध्यावर. माझ्या जन्मात मला इतके महत्त्व कधी आले नव्हते.

“लिहून घ्या,” बाई म्हणाल्या. आवाज कापत होता, पण अधिकाऱ्याचा होता. “मधला खांब कुणाचाच नाही. दोघांनी तिथपर्यंत यायचं, आपापल्या बाजूनं.”

“डागडुजी?”

“दोघांनी मिळून.”

“आणि अर्धी दाढी?”

“ती पूल उघडला तर कळेल.”

भिंत हसली. अहो, काय हसली! पाणी प्यायचे पेले टेबलावर किणकिणले. बाकी कुणाला काही कळले नाही, पण हसणे इतके मोठे होते की दोन्हीकडचे सगळे हसू लागले, मागच्या रांगेतले मोठे साहेबसुद्धा.

करार लिहून झाला, सह्या झाल्या. बाईंनी मला पायात घातले. दुभाष्या उठून उभा राहिला, त्याने खोकायला तोंड उघडले, आणि भिंतीने पुन्हा छताकडे बघितले. या वेळी बाईंना कळले. हसताना त्यांचा एक बूट आमच्या बाजूला उडाला होता. बाईंनी माझ्या टोकाने तो हळूच पलीकडे सारला. मग खोकला झाला, आणि दोघे एकदम उठले.

मोठ्या साहेबांनी शब्द पाळला. बाईंचे पुढचे पुस्तक त्यांनी स्वतः विकत आणले आणि वाचून बाईंना बोलावले.

“यात मी कुठं आहे?”

“तुम्ही नाही साहेब.”

“अजिबात नाही?” साहेबांचा चेहरा इतका पडला की पुढच्या पुस्तकात बाईंनी चकचकीत बुटांचा एक गृहस्थ घातला. साहेब खूश.

पूल उघडला त्या दिवशी आम्ही मध्यापर्यंत चालत गेलो. टक-फट्, टक-फट्. पलीकडून भिंत आली, बूट घालून, लंगडत. लोक रडत होते, मिठ्या मारत होते, कोण कुणाचे ते कळत नव्हते. भिंतीने बाईंच्या कानाशी वाकून विचारले, “मग?” बाई म्हणाल्या, “अजून सुचलं नाही.” मग बदल्या झाल्या, देश बदलले. दरवर्षी पलीकडून एक शुभेच्छापत्र यायचे, त्यात एकच शब्द. बाईंनी पुष्कळ पुस्तके लिहिली, पण अर्ध्या दाढीची गोष्ट काही त्यांना पुरी करता येईना.

वर्षे गेली. आत्या गेली. बिस्किटांच्या डब्यातले चमचे कुठले कुणाचे ते बाईंना लावता आले नाहीत, म्हणून आता घरात कुणी आले की प्रत्येकाला वेगळ्या देशाचा चमचा मिळतो. बाई निवृत्त झाल्या. डॉक्टरांनी टाच बंद केली, मऊ सपाट चपला दिल्या. मला वाटले, संपले, आता अडगळ. उजवी निमूटपणे तयारच होती. पण बाईंनी आम्हाला या टेबलाखाली आणून ठेवले. लिहायला बसल्या की त्या मला पायात घालतात. का, सांगू? फक्त काढण्यासाठी.

आज सकाळी भिंत आली होती. पुलावरून, नातीचा हात धरून. बसल्या बसल्या त्यांनी सगळ्यांदेखत बूट काढले आणि टेबलाखाली सारले. तेच तपकिरी. आता दोघांना मिळून एकच धड तळवा उरला आहे.

“मग?” ते म्हणाले.

आणि बाईंना ते आले! इतक्या वर्षांनी, माझ्यादेखत!

“पूल उघडला,” त्या म्हणाल्या, “तसा तो माणूस धावत मध्यावर गेला. न्हावीही धावत आला, म्हातारा झालेला. त्यानं माणसाची हनुवटी धरली, इकडून बघितलं, तिकडून बघितलं. इतक्या वर्षांत साफ केलेल्या गालावरही दाढी वाढली होती. कुठली अर्धी झाली होती आणि कुठली राहिली होती, ते दोघांनाही सांगता येईना.”

मग मिशीचे आखूड टोक हलले. “म्हणजे मी उगाच काळजी केली म्हणायची, एवढी वर्षं!”

दोघे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मी आणि उजवी खालून बघत होतो. आमच्या बाईंनाही अधिकारी आणि लेखिका यांतली एक अर्धी सोडायला सांगितले होते. आता विचारा कुणालाही, कुठली कुठे संपते ते.

ते गेले आत्ताच. तुम्हाला एक विनंती करते आणि थांबते. कधी लांब टेबलाला बसायची वेळ आली, समोरचा भिंतीसारखा वाटला, आणि पायाला काही परके लागले, तर झिडकारू नका. हळूच पुढे सारा. मध्यापर्यंत तरी.

चला, बाई आल्या. खुर्ची ओढली. मला पायात घातले. पेन चावून झाले, खिडकी बघून झाली, ड्रॉवर उघडून बंद झाला. आता टाच वर उचललीय... पडले बघा मी. फट्. बोटे फरशीला टेकली.

आणि शेजारी ताठ उभी असलेली उजवी, जिच्या मते सँडलने बोलू नये, ती माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली,

“मग?”